राणीसावरगावला नेलेलं लिनक्स

गेल्या डिसेंबरात मी चार दिवस परभणी जिल्ह्यात जाऊन आलो. परतल्यावर ओळखीच्यांनी विचारलं, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मी गंगाखेडची गोदावरी सांगितली, राणीसावरगावच्या रेणुकेचं देऊळ सांगितलं, येसराच्या आमटीची चव सांगितली. जे सांगायला हवं होतं ते मात्र गिळून टाकलं. ते आता लिहितो आहे, कारण तोंडाने सांगायची हिंमत मला अजून होत नाही.

आधी मी गेलो कशाला ते सांगतो. पुण्यात आमचं संगणकाची आवड असणाऱ्या दहा-बारा जणांचं एक मंडळ आहे. दर महिन्याला एक जण बोलतो आणि बाकीचे त्याच्या चुका काढतात. सध्या आमच्यात लिनक्स नावाची एक नवी प्रणाली गाजते आहे. संगणक चालू झाला की त्याचा सगळा कारभार ती पाहते. ती फुकट मिळते आणि कुणीही तिच्यात हात घालू शकतो. निरनिराळ्या लोकांनी तिचे निरनिराळे संच बांधले आहेत, त्यांतले दोन मी खटपट करून मिळवले होते, स्लॅकवेअर आणि डेबियन. दोन्हींत प्रोग्रॅमांची गाठोडी असतात. ती गाठोडी यंत्रावर चढवायची कशी आणि उतरवायची कशी, याची रीत मात्र दोघांची निराळी. जानेवारीच्या बैठकीत या दोन रीतींची तुलना मी करणार होतो. अडचण एवढीच, की उलथापालथ करायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. कचेरीतल्या यंत्राला साहेब हात लावू देत नसत.

तेव्हा मला नामदेव आठवला. राणीसावरगावच्या मेंढपाळाच्या घरातला हा तिशीचा गडी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात संगणकाचा दहा दिवसांचा वर्ग घेतला होता, त्यात तो पहिल्या बाकावर बसायचा. गावच्या मेंढपाळांच्या सोसायटीला कुणा देणगीदाराने एक संगणक दिला होता आणि तो नामदेवच्या घरी होता. ‘एकदा या, सर,’ असं तो दर पत्रात लिहायचा. मी लिहिलं, ‘येतो, तुमच्या यंत्रावर नवी प्रणाली घालून देतो.’ मला त्याचं यंत्र माझ्या भाषणासाठी हवं आहे, हे मी लिहिलं नाही.

गंगाखेड

रात्रभराच्या एसटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गंगाखेडला उतरलो तेव्हा सकाळ झाली होती आणि माझ्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात दोन्ही संचांच्या मिळून चाळीसएक फ्लॉप्या होत्या. कंडक्टरने डबा टपावर टाका म्हणून सांगितलं तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, बिस्किटं कुणाच्या लेकरांना? मी म्हटलं, बिस्किटं नाहीत, ज्ञान आहे. हे आठवलं की आता कानशिलं तापतात.

स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी आणि चहा घेतला. इथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात, आणि नदीच्या घाटावरून आलेला माणूस ‘गंगेवर जाऊन आलो’ असं सहज सांगतो. शेजारच्या टेबलावर दोन विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरत होते. विद्यापीठाचं नामांतर होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांतला एक नवं नाव अख्खं, एक अक्षर न गाळता लिहीत होता. गल्ल्यावरचा माणूस कुत्सितपणे म्हणाला, नाव लांबलं म्हणून काय डिग्री लांबती का? त्या मुलाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला. या विषयावर पुण्यात मी तासभर तावातावाने बोललो असतो. तिथे मी बशीत चहा ओतला.

पुढच्या एसटीने राणीसावरगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, पोटऱ्यात आलेली, कणीस बाहेर पडायला टेकलेली ज्वारी, मधूनच तुरीच्या ओळी. आमच्याकडे डोंगर आडवे येतात आणि नजर अडते. इथे पाहावं तितकं दिसतं, आणि उभ्या माणसाला लपायला जागा नाही.

राणीसावरगाव, पहिला दिवस

नामदेव स्टँडवर उभा होता. डबा त्याने माझ्या हातून घेतला आणि घरापर्यंत दोन्ही हातांत धरून नेला. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, पडवीच्या एका टोकाला चूल. घरात त्याची भावजय सखुवहिनी होत्या. थोरला भाऊ मेंढरं घेऊन गंगेच्या अंगाला गेला होता. हिवाळ्यात शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात, मेंढरांच्या लेंड्यांचं खत होतं आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य मिळतं. वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते मागच्या पावसाळ्यात वारले होते.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि वर कच्चा कांदा. वहिनी माझ्या ताटावर नजर ठेवून होत्या. भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. नको म्हणायची आमच्याकडची रीत इथे चालत नाही. नको म्हटलं की त्यांना वाटतं, पाहुण्याला आवडलं नाही.

जेवण झाल्यावर नामदेवने यंत्र दाखवलं. त्यावर वहिनींचं जुनं लुगडं घातलेलं होतं. त्याने एकच फाईल उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, ओळीखाली ओळ. काजळी, आई मोरकानी, बाप रामाच्या कळपातला मेंढा. भोरी, आई खुटकानी. अशा अकराशेवर मेंढ्या. चार वस्त्यांतल्या कळपांची तीन-चार पिढ्यांची नाती आबांना तोंडपाठ होती. वीज असेल त्या संध्याकाळी आबा बाजेवर बसून सांगत आणि नामदेव टाकत जाई. आबांचं शेवटचं वर्ष त्यात गेलं. पावसाळ्याच्या तोंडाला कळपात नवा मेंढा सोडताना रक्त एक होऊ नये म्हणून हे पाहावं लागतं. नाही पाहिलं तर कोकरं अशक्त निपजतात आणि थंडीत मरतात. आबा होते तोवर चारी वस्त्यांचे लोक येऊन त्यांना विचारत. आता येत्या पावसाळ्याला ते नामदेवला विचारणार होते.

मी विचारलं, वही केली नाही? तो म्हणाला, ‘तुमीच वर्गात म्हणला व्हता की सर, कागदावर दोनदा काम करू नका, थेट यंत्रात टाका.’ मला ते वाक्य आपलं म्हणून ओळखू आलं आणि बरंही वाटलं.

मी त्याला सांगितलं की नवी प्रणाली घालताना यंत्रातलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा फाईल एका फ्लॉपीवर काढून ठेवा, काम झालं की परत घालू. घरात एकच फ्लॉपी होती. त्याने तिच्यावर फाईल उतरवली आणि देव्हाऱ्यात, बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवली. वर्गात मी दोन प्रती काढायला शिकवतो. इथे एकीवर भागवलं, कारण मला सुरुवात करायची घाई झाली होती.

दुसरा दिवस

सकाळी आठला वीज आली आणि मी स्लॅकवेअर चढवायला बसलो. हा संच साधाभोळा आहे. एकामागून एक फ्लॉपी मागतो, गाठोडं सोडतो, सामान जागेवर मांडतो आणि कुठे काय ठेवलं त्याची यादी लिहून ठेवतो. बाराव्या फ्लॉपीला खरखर आवाज आला, पण तिसऱ्यांदा घातल्यावर ती वाचली. नामदेव शेजारी उकिडवा बसून प्रत्येक फ्लॉपी हातात देत होता. मी बोलत होतो. मला बोलायची हौस आहे, आणि इतका मन लावून ऐकणारा माणूस पुण्यात मिळत नाही.

शेवटी संचाने विचारलं की यंत्र अडलंच तर ते चालू करायला एक बूट फ्लॉपी तयार करून ठेवू का? त्यासाठी एक रिकामी फ्लॉपी हवी होती. माझ्या डब्यात रिकामी नव्हती. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, नामदेव, एक फ्लॉपी द्या. तो आत गेला, थोडा वेळ आलाच नाही, मग येऊन माझ्या मागे उभा राहिला. काही बोलला. मी ‘चालेल, आणा’ म्हणून हात मागे केला. त्याने हातात दिलेली फ्लॉपी मी यंत्रात सारली. मिनिटभरात काम झालं. मी तिच्यावर पेनाने ‘बूट, पहिला संच’ असं लिहिलं आणि डब्यात टाकली. ती मला पुढे एकदाही लागली नाही.

दुपारी मी माझा प्रयोग केला. जवळजवळ सगळे प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात असं एक सामाईक गाठोडं असतं. मी या संचाला ते काढून टाकायला सांगितलं. त्याने यादी पाहिली आणि काही न विचारता काढायला घेतलं. त्यानंतर साधी फाईलींची नावं दाखवायची आज्ञा दिली तरी यंत्र नाही म्हणू लागलं. मी टाळी वाजवली. नामदेव घाबरला. मी त्याला समजावलं की हेच मला सिद्ध करायचं होतं. जो संच कुणाकुणाला कशाची गरज आहे हे विचारत नाही, त्याच्या हातून असा घात होतो. हे वाक्य भाषणात घ्यायचं म्हणून मी वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी रेणुकेच्या देवळापर्यंत फिरून आलो. वाटेत लोक नामदेवला थांबवून विचारत, पाव्हणे का? तो सांगे, ‘माजे सर हायत. आबाची मेंढरं पक्की करायला आल्यात.’ मी मान हलवत होतो.

तिसरा दिवस

डेबियन अजून घडतोय, त्याला चढवताना माझ्या नाकी नऊ आले. पण रीत पाहण्यासारखी आहे. इथे प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी असते, मला अमुक अमुक गाठोडी आधी हवीत म्हणून. ती नसतील तर संच पुढे जात नाही. दुपारी तीनच्या सुमाराला सगळं उभं राहिलं. मी तेच सामाईक गाठोडं काढायला सांगितलं. यंत्राने सरळ नकार दिला आणि त्या गाठोड्यावर कोण कोण विसंबून आहे त्यांची नावं एकाखाली एक दाखवली.

मी वहिनींनाही बोलावून दाखवलं. त्या पीठ मळता मळता हात तसेच घेऊन आल्या, पडद्याकडे पाहिलं, नामदेवने सांगितलेलं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘म्हंजी सोयरीक बघितल्यावानी. इचारल्याबिगर काय हलवायचं न्हाई.’ चाळीस फ्लॉप्या वाहून आणून मला जे सांगायचं होतं ते त्यांनी एका दमात सांगितलं. मी खूश होऊन म्हणालो, अगदी बरोबर. नामदेव, आता आबांची फ्लॉपी आणा, मेंढरं घरात घेऊ.

नामदेव म्हणाला, ‘ती तर तुमच्यापाशीच हाय की, सर. काल दिली न्हाई का.’

मी डबा उघडला. पांढऱ्या फ्लॉप्यांमध्ये एकच काळी होती. तिच्यावर माझं अक्षर होतं.

मी दीड तास खटपट केली. फ्लॉपीवर जे जे उरलं असेल ते कच्च्या रूपात वाचून पाहिलं. त्याची फाईल अगदी सुरुवातीला असणार होती आणि मी सुरुवातीपासूनच लिहिलं होतं. यंत्रातली डिस्क तर दोनदा पुसून झाली होती. काही मिळालं नाही. नामदेवला मात्र अजून कळलं नव्हतं, तो वाट पाहत होता. शेवटी मी त्याला सांगितलं. आणि सांगताना जे वाक्य पहिलं तोंडात आलं ते असं होतं, ‘तुम्ही मला सांगायला हवं होतं, नामदेव, तिच्यात काय आहे ते.’

चुलीपासून सखुवहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही.

‘सांगितलं की त्यानं. मी हितंच भाकरी थापायलते. सर, हिच्यात आबाची मेंढरं हायत, चालंल का, असं इचारलं त्यानं. तुमी म्हणलात, चालंल, आणा.’

‘वैनी, जाऊ द्या,’ नामदेव म्हणाला.

मला ऐकू आलं नव्हतं असं मी म्हणालो. ते खोटं होतं. मला ऐकू आलं होतं, आबा आणि मेंढरं हे दोन्ही शब्द ऐकू आले होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात माझं भाषण होतं, आणि मागे उभा असलेला हा माणूस जे बोलतोय ते माझ्या कामाच्या आड येण्याइतकं महत्त्वाचं असेल असं मला वाटलंच नाही. त्याला काय वाटलं ते मी नंतर विचारलं. तो म्हणाला, सर चालंल म्हणतात म्हणजे सरांनी आतल्या आत कुठं तरी ठेवलं असंल. आणि पाहुण्याने मागितलेली वस्तू घरात असताना नाही कसं म्हणायचं? देव्हाऱ्यासमोर तो थोडा वेळ थांबला होता, तेवढंच. मला शरम वाटली. वहिनींनी नेहमीच्या वेळी ताट वाढलं. त्या दिवशीही दुसरी भाकरी पहिली संपायच्या आत पडली.

चौथा दिवस

सकाळी मी म्हणालो, वहिनी, तुम्हाला जितकी आठवतात तितकी सांगा, मी लिहितो. मी वहीची नवी पानं काढली. वहिनी मेंढरांचा रिकामा वाडा झाडत सांगू लागल्या. त्यांच्या स्वतःच्या कळपातल्या मेंढ्या त्यांनी पटापट सांगितल्या, कुणाचा कान फाटका, कुणाच्या कपाळावर चांद, कुणाला कोणत्या साली जुळं झालं. कोकरू आजारी पडलं की उशाशी घेऊन झोपायच्या त्या. शंभराच्या आसपास नावं झाली. मग मी विचारलं, मोरकानीची आई कोण? त्या झाडायच्या थांबल्या. आठवायचा प्रयत्न करताना त्यांचे ओठ हलत होते.

‘हितनं म्होरं आबालाच ठावं,’ त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, माहीत नाही. पुढच्या मेंढीपाशीही तेच लिहिलं. बाकीच्या तीन वस्त्यांचं तर त्यांना काहीच सांगता येत नव्हतं. तिथल्या जुन्या माणसांना विचारून पाहू, असं नामदेव म्हणाला, पण ती माणसंच आबांकडे विचारायला येत असत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दहाच्या सुमाराला त्या वस्त्यांपैकी एकीवरचे एक म्हातारे सहज डोकावले. नवीन मशीन लागलं का, पावसाळ्यात माझा मेंढा बदलायचाय, म्हणाले. नामदेवने त्यांना चहा दिला आणि बघू म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आणि झालं काय ते त्यांना सांगितलं नाही. पाहुणा घरात असताना तो सांगणार नव्हता.

पुण्यात जानेवारीतलं माझं भाषण चांगलं झालं. सामाईक गाठोड्याचा किस्सा मी रंगवून सांगितला आणि लोक हसले. विचारल्याबिगर काय हलवायचं न्हाई, हे वहिनींचं वाक्यही मी वापरलं, खेड्यातल्या बाईचं शहाणपण म्हणून. एकाने विचारलं, ते यंत्र आता कसं चाललंय? मी म्हणालो, उत्तम. पण हे सगळं नंतरचं. निघतानाचं एक सांगायचं राहिलं आहे.

दुपारच्या एसटीला सोडायला नामदेव आला. डबा या वेळीही त्यानेच दोन्ही हातांत धरला होता. वर कापडात बांधलेले धपाटे होते, वहिनींनी दिलेले. स्टँडवर गर्दी नव्हती. मी मनाशी ठरवलं होतं की गाडी यायच्या आत त्याची माफी मागायची. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. गाडी वळणावर दिसली आणि मी तोंड उघडणार, तोच तो बोलला.

‘सर, माजंच चुकलं. तुमी येणार म्हणल्यावर एक कोरी फ्लॉपी परभणीवरनं आणून ठिवाया पायजे व्हती. माज्यामुळं तुमचे दोन दिवस खराब झाले. राग मानू नका.’

तो मनापासून बोलत होता. रात्रभर विचार करून त्याने स्वतःची चूक शोधून काढली होती. आता फक्त नाही म्हणायचं होतं. नाही नामदेव, चूक माझी, तुम्ही विचारलं होतं आणि मी ऐकलं होतं. मंडळात तासभर न थांबता बोलणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जड नव्हतं.

मी म्हणालो, ‘असू द्या, नामदेव. होतं असं कधीकधी.’

त्याचा चेहरा हलका झाला. त्याने डबा माझ्या हातात दिला, वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी तो लावू दिला.